आत्याची डुगडुगती खुर्ची

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. बारामतीच्या ज्या दूध डेअरीत मी काम करते तिथं आत मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळं जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर स्क्रीनवर एकच नाव वर-खाली... इंदापूरचे झेरॉक्सवाले काका. आत्याच्या ऑफिसच्या खालीच त्यांचं दुकान. मला वाटलं आत्यानंच त्यांच्या फोनवरून लावला असणार, तिचा स्वतःचा चार्जिंगला लावायचा कायम राहून जायचा. मी आपली हसत परत फोन लावला आणि पलीकडून कोण बोलतंय ते ऐकायच्या आधीच म्हणाले, "काय गं, पडला का बंद परत?" पलीकडं काका होते. "ताई, मी बोलतोय... मॅडम उठंनात गं. डॉक्टर येऊन बघून गेले. तू ये." बास, एवढंच. इंदापूरची एसटी भरलेली होती, मी दाराजवळ उभी राहिले, आणि सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात माझंच ते वाक्य वाजत होतं.

नंदाआत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. इंदापूरच्या कोर्टात वकील. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारलं की "वेळ कुठं मिळाला, तारखाच पडत गेल्या" म्हणायची आणि स्वतःच्याच जोकवर खदाखदा हसायची. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत गॅस, कॉट आणि पुस्तकं. सुट्टीच्या दिवशी मी सकाळची एसटी धरून तिच्याकडं पळायचे. माझे शाळेतले, कॉलेजातले, नोकरीतले सगळे किस्से पहिल्यांदा तिला. मी एकदा सुरू झाले की ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "अगं श्वास घे, कोर्ट कुठं पळून चाललंय!" आता किस्सा झाला की बोट अजून फोनमधल्या तिच्या नावावर जातं... असो.

तिच्या ऑफिसात टेबलाच्या पलीकडं दोन खुर्च्या होत्या. एक साधी, नीट. दुसरी लाकडी, एक पाय आखूड, बसलं की डुगडुगणारी. वकिलाकडं येणारा माणूस तापूनच येतो ना, भावानं बांध कोरला, चुलत्यानं रस्ता अडवला. आत्या त्याचं सगळं ऐकून घ्यायची, पाणी द्यायची, आणि नोटीस लिहायच्या आधी त्याला चक्क दाराबाहेर घालवायची. म्हणायची, आता ज्याच्यावर नोटीस काढायची तो होऊन आत या, आणि ह्या दुसऱ्या खुर्चीत बसून बोला. हे मी स्वतः बघितलंय. कळस गावचे एक तात्या आले होते, धाकट्या भावानं ट्रॅक्टर घालून बांध सरकवला म्हणून. मी मागच्या खोलीत चहा गाळत होते.

"नोटीस काढा म्याडम. आजच्या आज."

"काढू की तात्या. आधी भायेर जावा आन् तुमचा भाऊ होऊन या."

"त्यो? त्यो चोर हाय!"

"मग चोर होऊन या. चपला मातर भायेर काढा."

तात्या पुटपुटत गेले, "वकील हाय का तमाशा हाय ह्यो" असं मला स्पष्ट ऐकू आलं. मग आले, डुगडुगत्या खुर्चीत बसले आणि भावाची नक्कल करायला लागले, तोंड वाकडं करून. "मी लय शाना हाय. दादाला काय कळतंय. मी बांध कोरणार." आत्या शांतपणे म्हणाली, "का पण?" तात्या त्याच सुरात सुरू झाले, "का म्हंजी? दादा मला इचारतो का कशात? आई दवाखान्यात हुती तवा बी मला..." आणि थांबले. एकदम थांबले. चहा घेऊन मी दारात तशीच उभी. मग अगदी हळू आवाजात, नक्कल-बिक्कल सोडून, म्हणाले, "...तवा बी मला शेवटी कळीवलं." तुम्हाला वाटेल तिथून ते उठले आणि भावाच्या गळ्यात पडले. अजिबात नाही! नोटीस काढलीच त्यांनी. फक्त घरून लिहून आणलेल्या कागदातलं 'चोरी', 'दांडगाई' सगळं आत्याला खोडायला लावलं आणि सरकारी मोजणी करू, दोघं मिळून उभं राहू, एवढंच ठेवलं. जाताना म्हणाले, "खुर्चीचा पाय नीट करा म्याडम, पडंल कुणीतरी." आत्या म्हणाली, "त्या खुर्चीत कुणी निवांत बसूच नये, तात्या."

कोर्टातले लोक तिची चेष्टा करायचे. एक वकील तर म्हणाले होते, बाई, इथं डोकं लागतं, हे रडणं-भेकणं नाही. ती घरी येऊन चिडून मला म्हणाली, "ज्याला काही वाटतच नाही त्याला चूक झाली हे कळणार कशानं? राग येतो म्हणजे कुठंतरी काहीतरी दुखतंय, ते बोट ठेवून दाखवतो तो राग. तेवढं बघायचं. पण पुढं तो जिकडं चल म्हणतो तिकडं लगेच उठून जायचं नाही." मी तेव्हा मान डोलावली आणि फोन बघत बसले. मला काय माहीत मला ते एवढं लागणार आहे!

पण खुर्ची एकदा चुकली होती, तेही सांगायला पाहिजे. नवऱ्याचा मार खाऊन एक बाई आली होती. आत्यानं सवयीनं तिलाही बाहेर पाठवलं, नवरा होऊन ये म्हणाली. ती बाई आली, बसली आणि बोलायला लागली, "मी दमून येतो, ही उलट बोलती, मग हात उठतो..." बोलता बोलता रडायला लागली, आणि खुर्चीतून उठली ती "त्यांचं बी खरंच हाय वो म्याडम" म्हणत तक्रार न करताच घरी गेली. त्या दिवशी आत्या जेवली नाही. ताटावर बसली आणि उठली. दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख दुसऱ्या वकिलाला देऊन ती त्या बाईच्या माहेरी गेली, तिच्या भावाला घेऊन सासरी गेली आणि बाईला घेऊनच परत आली. मग मला म्हणाली, "मार बसलेल्या माणसाला त्या खुर्चीत बसवायचं न्हाय. त्याचा राग त्याच्याकडं राहू द्यायचा. तेवढंच तर असतं गं त्याच्याकडं..."

आता पप्पांचं. आमचं घर पिंपळीला, ऊस आणि जनावरांपुरतं कडवळ. मी शाळेत होते तेव्हाची भाऊबीज. आत्या आली होती, पप्पा पाटावर बसले होते, मी शेजारी तांदळाची वाटी धरून. आत्यानं ओवाळलं. पप्पांनी ताटात साडी ठेवली, आणि लगेच, म्हणजे निरांजन अजून जळत होतं, पाटाखालून प्लास्टिकची फाइल काढली. हक्कसोड. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला बहिणीनं आपला वाटा भावासाठी सोडला असा कागद. "नंदे, एवढी सही करून टाक. समद्याच बहिणी करत्यात." आत्या ताट धरून तशीच उभी. मग म्हणाली, "ताट तरी खाली ठेवू द्यायचंस, दादा." ताट ठेवलं, साडी तिथंच ठेवली, आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेली. सही केली नाही. गंमत म्हणजे तिनं जमीन कधी मागितलीही नाही. पप्पाच करत होते सगळं रान, तिनं कधी कडब्याची पेंडी नेली नाही की उसाचं टिपरू. नुसतं तिचं नाव सातबाऱ्यावर राहिलं. पण पप्पांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. मी इंदापूरला जाते हे त्यांना माहीत होतं. जाताना आई डबा द्यायची, पप्पा पेपरमधून डोकं वर काढायचे नाहीत, आणि परत आले की मोटर बघायला निघून जायचे.

मी आत्याला एकदा विचारलंच, "तू कधी बसलीस का त्या खुर्चीत? पप्पा होऊन?" ती ओट्याशी उभी होती, पाठमोरी. म्हणाली, "बसते की. दर भाऊबीजेला." मी उडालेच. "मग? काय म्हणतात पप्पा?" ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "काही न्हाय म्हणत गं. तुझा बाप तिथं पण गप्पच बसतो."

आणि मग पप्पा आले ते थेट ती गेल्यावर, तिला पोचवायला. हातात विस्तवाचं मडकं धरून पुढं. लोक म्हणत होते, शेवटी भाऊच आला बघा. मला इतका राग आला! जिवंत माणसाच्या दारात पाय ठेवला नाही आणि आता सगळ्यांच्या पुढं? घरी आल्यावर ते म्हणाले, "पोरी, जेवून घे." मी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून दिलंच नाही. नोकरीसाठी घेतलेल्या बारामतीच्या खोलीवर निघून आले. त्यांचे फोन यायचे, मी बघत बसायचे वाजत असलेल्या फोनकडं. ज्या एका माणसाला हे सांगितलं असतं ती नव्हती. खोलीत इतकी शांतता असायची की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं... आणि मनात एक यायचंच, की मी हे जे करतेय ते अगदी हुबेहूब पप्पांसारखं आहे. पण राग काही जाईना.

महिनाभरानं इंदापूरच्या घरमालकानं आत्याची जागा मोकळी करून मागितली. मी गेले. झेरॉक्सवाल्या काकांनी बहुतेक पप्पांनाही कळवलं होतं, कारण मी पुस्तकं बांधत असताना खाली टेम्पो थांबला आणि पप्पा वर आले. दारात उभे राहिले. त्या दारात पहिल्यांदाच! चपला बाहेर काढल्या. आत बघत होते, भिंतीकडं, टेबलाकडं. मग बसायला म्हणून नेमकी तीच खुर्ची ओढली.

ती डुगडुगली. "पाय आखूड हाय का गं हिचा?"

मी कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी बोलले. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून आलंच. म्हटलं, "पप्पा, त्या खुर्चीत असं बसायचं नसतं. बाहेर जा आणि आत्या होऊन या." मला वाटलं चिडतील. म्हणजे, चिडावं असंच वाटत होतं मला. त्यांनी विचारलं, "म्हंजी कसं?" मी सांगितलं, तात्यांचं, सगळ्यांचं. रडत होते का ओरडत होते कळत नव्हतं मला. ते उठले. खरंच बाहेर गेले. बराच वेळ आलेच नाहीत, मला वाटलं खाली टेम्पोकडं गेले. मग आले, बसले, दोन्ही हात पुढं केले, तळहात वर, जड काहीतरी धरल्यासारखे.

"ताट तरी खाली ठिवू द्यायचंस, दादा."

जसंच्या तसं. एवढ्या वर्षांत त्यातला एक शब्द हलला नव्हता. मी आत्याच्या बाजूला, आत्याच्या जागेवर बसले होते, मला वकिलासारखं विचारायला पाहिजे होतं. कसंबसं म्हटलं, "मग पुढं?"

"पुढं काय... जिमीन नको हुती मला. तू नुसतं दे म्हणला असतास तर दिली असती. तू ओवाळून घेतलंस आन् मंग..." हात तसेच धरलेले. मग ते हात मांडीवर पडले. "न्हाय बोलवत गं आता." आणि थोड्या वेळानं, "ती माझं काय म्हणायची? हितं बसून?"

खोटं बोलावंसं वाटलं, खरं सांगते. पण म्हटलं, "तुम्ही गप्पच बसायचात म्हणाली."

पप्पांनी मान हलवली. "बरोबर हाय तिचं."

राग गेला का म्हणाल तर गेला नाही. अजून येतो. पण आता फोन वाजला की मी उचलते, ते विचारतात "जेवलीस का?", मी सांगते, आणि ठेवतो. टेम्पोत कपाट, कॉट, पुस्तकं पिंपळीला गेली. पप्पा खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालायला निघाले होते, मी म्हटलं राहू द्या, ही मी नेते. त्यांनी स्वतः उचलून खाली आणली आणि त्याच टेम्पोनं मला बारामतीला सोडायला आले, मांडीवर खुर्ची घेऊन.

आता ती माझ्या खोलीत आहे. कामावरून आले की कधी कधी मी दाराबाहेर जाते, चपला काढते, आत्या होऊन आत येते आणि तिच्यात बसते. खूप काही बोलेन असं वाटतं, पण एकच वाक्य येतं, "अगं श्वास घे." मग उठून समोर येऊन बसते, सांगायला किस्से असतात भरपूर, आणि समोर खुर्ची रिकामी... मी उठले त्यानं अजून थोडी डुगडुगत असते. ती थांबेपर्यंत बघते. मग भात लावते.