मॅनेज केलेला पेपर

काल दुपारी माझी नात परीक्षा देऊन आली आणि बेसिनपाशी उभी राहून हाताला खोबरेल तेल चोळायला लागली. जवळ जाऊन पाहिलं, तर मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने लिहिलेली बारीक अक्षरं होती. तेलाने ती विरघळून हात निळा झाला होता. ही एमबीए करते.

“हे काय गं?”

“काही नाही आजी, पेपर मॅनेज केला.”

मी चौथी शिकले. आमच्या वेळी याला चोरी म्हणत, आणि म्हणताना तोंड कडू व्हायचं. मॅनेज म्हटलं की चोरीला इस्त्री होते. खचलेल्या रस्त्याचा ठेकेदारही साहेबाला मॅनेजच करतो. उद्या हिच्या हाताखाली माणसं येतील, त्यांचे पगार, त्यांचा फंड हिच्या सहीवर चालेल, आणि तिथेही ही असेच हात धुऊन मोकळी होईल.

“सगळेच करतात आजी. न करणारे मागे राहतात.”

“मग राहा मागे. मागे राहून कुणी मेलं नाही.”

ती हसली. म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

आज सकाळी दुसरा पेपर होता. शाळेत असल्यापासून पेपरला जाताना ती माझ्याकडून हातावर दही-साखर घेऊन जाते. तशी आली आणि तळहात पुढे केला. एवढ्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत होत्या.

“बाही वर कर,” मी म्हटलं.

तिने केली नाही. मी दह्याची वाटी परत फ्रिजमध्ये ठेवून दिली.