फर्न वाळवायचे निळे दाणे

फर्नमधली नाती जनुकांवरून शोधायचं काम नव्वदच्या दशकात आमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत नवंच होतं. पश्चिम घाटातून नमुने आणायला सरांनी तिघा मुलांना नेलं. मला म्हणाले, "तू भिलाईची ना? सुट्टीत घरी जाशील तेव्हा तिकडचं काही मिळालं तर आण." तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी शोधलंच. भिलाईशेजारच्या दुर्गमध्ये, मोहन नगरातल्या एका जुन्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर दोन जातींचे फर्न शेजारीशेजारी वाढले होते. दोन्हींच्या पानाचं टोक लांबत जायचं आणि भिंतीला टेकलं की तिथेच मूळ धरायचं. हे दोन्ही एका घरातले, की सवय तेवढी सारखी? पानातला डीएनए ते सांगणार होता. पण पावसाळ्यात रद्दीत दाबलेलं पान वाळेपर्यंत काळं पडतं आणि डीएनएचा चुरा होतो. पान एका दिवसात वाळलं नाही, तर मी रिकाम्या हातानेच परत जाणार होते.

त्यासाठी ओल शोषून घेणारं सिलिका जेल हवं होतं. वडील कारखान्यात इलेक्ट्रिशियन. ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी राहावी म्हणून हेच निळे दाणे वापरतात, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं. पण ते कारखान्यातला खिळासुद्धा घरी आणणारे नव्हते. मी दुर्गला विजेचं जुनं सामान विकणाऱ्याकडे गेले.

"बहनजी, नया माल है. एक दाम."

"एक दाम वाली दुकान में भीड़ होती है. यहाँ तो मैं अकेली खड़ी हूँ."

माझा आवाज चढला तसा शेजारचा शिंपी बाहेर आला. कोपऱ्यात ओल धरून गुलाबी पडलेल्या दाण्यांचं पोतं दिसलं.

"और ये कचरा?"

"फेंकने का है. ले जाओ, पर झगड़ा बंद करो."

आनंद मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. पिशवीही त्याच्याकडूनच घेतली.

भिलाईतल्या आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये मी ते दाणे मंद आचेवर भाजायला बसले. ओल गेली की ते पुन्हा कामाचे होतात.

"कावून वं, साबुदाना भाजून राहिली का?" आईने विचारलं.

"खायचं नाही, आई. विषारी आहे."

"मंग माह्या कढईत कावून? आता हे कढई तुह्या सासरीच ने."

दाणे हळूहळू निळे झाले. पानं कागदी पाकिटांत घालून मी त्या दाण्यांत पुरली. दुसऱ्या दिवशी ती पापडासारखी मोडत होती, रंग मात्र हिरवाच.

हैदराबादला आम्ही सगळ्या नमुन्यांतला डीएनए काढला आणि अतिनील दिव्याखाली पाहिला. घाटातल्या, रद्दीत वाळवलेल्या पानांच्या जागी नुसता धूर पसरलेला, म्हणजे डीएनएचा चुरा. माझ्या दोन्ही फर्नच्या जागी एकेक लख्ख रेघ, म्हणजे अखंड डीएनए.

"नशीब आहे तुझं," त्या तिघांतला एक म्हणाला.

"नशीब असतं तर घाटात गेले असते."

मी नळ्या बर्फात ठेवल्या आणि जनुकाची अक्षरं वाचायच्या कामाला माझी पाळी कधी, ते सरांना विचारलं.

"पुढच्या आठवड्यात," सर म्हणाले.

मी म्हटलं, उद्या.

परवावर ठरलं.