भिण्याचा पुरावा

माझ्या धाकट्या भावाच्या छातीवर अमेरिकेत कुणीतरी पिस्तूल रोखलं, आणि इकडे कोल्हापुरात आमच्या वडिलांची इज्जत वाढली.

भाऊ तिकडे एका पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर असतो. नऊ वर्षांपूर्वी फिरायला म्हणून गेला, तो अजून फिरतोच आहे. व्हिसाची मुदत कधीच संपली. घरी आला तर परत जाता येणार नाही, म्हणून आई गेली तेव्हाही आला नाही, मोबाइलवर सगळं बघितलं. त्याबद्दल मी त्याला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

दरोड्याची बातमी त्यानं स्वतःच फोनवर दिली. "काय झालं न्हाय अक्का. गल्ला घेतला आन् गेला." आमच्या घरात सगळे असेच. अपेंडिक्स फुटलं तरी विचारणाऱ्याला "बरं हाय की!" म्हणायचं, ही आमची रीत.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, रोज सकाळी कोर्टाजवळच्या टपरीवर चहाला बसतात. पहिल्या दिवशी तिथं चोर नुसता पिस्तूल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी भावानं त्याचा हात पिरगाळला. आठवडाभरात चोर सहा फुटांचा झाला आणि "चुकलं मालक" म्हणून रडला, बहुतेक मराठीतच. त्यात एक गोष्ट मात्र खरी होती. पोलीस आले तेव्हा भावानं त्यांना कॉफी पाजली होती. अण्णा ती गोष्ट शेवटी ठेवायचे. "दारात आल्यालं मानूस कोरड्या तोंडानं जात न्हाय आमच्यात," असं म्हणून स्वतःच्याच चहाचा घोट घ्यायचे.

मग भावाला एक वकीलबाई भेटल्या, गुजराती. त्यांच्याकडून कळलं की ज्याच्यावर मोठा गुन्हा झाला, ज्याच्या शरीराला नाहीतर मनाला जबर इजा झाली आणि ज्यानं पोलिसांना मदत केली, त्याच्यासाठी अमेरिकेत वेगळा व्हिसा असतो. भावानं चोराला ओळखलं होतं, साक्ष दिली होती, पोलिसांनी तसं लिहूनही दिलं होतं. व्हिसा मिळाला तर तो उजळ माथ्यानं राहणार होता, आणि पुढं कधीतरी कागद पक्के झाले की घरी येऊन परतही जाणार होता. मला आधी हसूच आलं. आपल्याकडे चोरी झाली की पहिला प्रश्न, कडी नीट लावली होती का?

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आजऱ्याहून एक लांबचे पाहुणे अर्धा किलो काजू घेऊन आले. त्यांचाही मुलगा तिकडेच, तसाच. चहा झाल्यावर खाली बघत म्हणाले, "आमच्या पोराचंबी असं कायतरी बसवून मिळंल काय? गोळी लागू ने फकस्त." मी सांगितलं, असं नाटक बसवणारे तिकडे तुरुंगात गेलेत, आणि त्यांच्यापायी खऱ्यांची फाईलही आता भिंग लावून बघतात. पाहुणे नाराज होऊन गेले. काजू चांगले निघाले.

अडचण वेगळीच होती. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं, इसम शांत दिसत होता, त्यानं आम्हाला कॉफी दिली. मग मनाला इजा झाली ती कुठं? वकीलबाईंनी घरच्यांचं प्रतिज्ञापत्र मागितलं. त्या दिवसापासून मुलात काय फरक पडला, ते बापानं लिहायचं. अण्णा लगेच नोटरीकडे गेले. नोटरी त्यांच्याच चहाच्या कंपूतला. त्यांनी लिहून आणलं, "माझा मुलगा कोणाच्या बापाला भीत नाही. त्याला झोप उत्तम लागते. पुन्हा चोर आला तरी तो समर्थ आहे." खाली सही, शिक्का. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून भाषांतर माझ्या गळ्यात. केलं आणि पाठवलं.

वकीलबाईंचा फोन आला. "दीदी, हे वाचून साहेब त्याला पदक देतील. व्हिसा नाही देणार."

मी अण्णांना दुसरं लिहा म्हटलं, तर ते भडकले. "म्हंजे पोरगं भ्यालं म्हणून लिवू? स्टँपवर? त्या नोटरीम्होरं? उद्या सगळ्या टपरीला कळंल!"

"कळू दे की! तुमच्या मिशीपायी त्याला तिकडंच मारणार काय?" मी पण त्यांचीच मुलगी. त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाला जेवायला बोलावलं नाही.

रविवारी भावाला फोन लावला. अण्णा समोरच पेपर वाचत होते. हात मोकळे असावेत म्हणून फोन नेहमी स्पीकरवर टाकायची मला सवय, आणि मी शेंगा फोडत होते. म्हटलं, आता रीत बाजूला ठेव आणि खरं सांग, नाहीतर मी काय भाषांतर करू, कपाळ?

आधी तो "काय न्हाय" म्हणाला. मग म्हणाला, "दुकानाच्या दाराला घंटी हाय अक्का. गिऱ्हाईक आलं की वाजती. दिवसातनं दोनशे येळा. दरयेळी हातातलं पडतंय."

"आणि पोलीस आले तेव्हा तू शांत कसा?"

"शांत कुठला? कौंटरच्या मागनं भाइर येता येत न्हवतं. पॅन्ट ओली झालती माझी. त्यांनी भाइर बोलवू ने म्हणून मी उभ्या उभ्या कॉफी वतून देत हुतो. तीन तीन कप पाजलं."

मी शेंगा फोडायची थांबले. अण्णांचा पेपर तोंडासमोर तसाच होता. कितीतरी वेळ त्यांनी पान उलटलं नाही. मला रडू आलं, आणि रागही आला, स्वतःचाच. त्या कॉफीवर मीही शाळेत सगळ्यांना हसवलं होतं.

सोमवारी अण्णा म्हणाले, "चल." नोटरीच्या टेबलाशी कंपूतले दोघेतिघे बसलेलेच होते. एकानं त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत, उभ्यानंच सांगायला लागले. घंटी सांगितली, हातातलं पडतं ते सांगितलं, पॅन्टही सांगितली. आवाज नेहमीसारखाच मोठा, अर्ध्या कोर्टाला ऐकू जाईल असा.

नोटरीनं पेन खाली ठेवलं. "अण्णा, परवा तर पोरानं चोराचा हात पिरगाळला म्हणून सांगितलासा की."

"त्यो मी पिरगाळलावता, हितं टपरीवर बसून," अण्णा म्हणाले. "पोरगं भ्यालं हुतं. लिव."