आईची किडनी

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, दादापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलते, कारण — कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हता.

सतराव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. आमचं गाव मुरबाडच्या पुढे. आठवड्यातून दोनदा एसटीने कल्याणला जायचं, डायलिसिस करून परतायचं. सोबत आई. दिवसाला पाणी दीड पेला, जास्त नाही. मी तहानेने तळमळायचे, म्हणून आई माझ्यासमोर कधी पाणी प्यायची नाही. घरामागे जाऊन प्यायची. तिला वाटायचं, मला कळत नाही.

शहाण्णव साली तिने मला आपली एक किडनी दिली. काही दिवसांनी मी वॉर्डात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायले. दारात आई उभी होती — कूस हाताने दाबून, टाके दुखत असताना हसत.

शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या मात्र जन्मभर. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. आईला घड्याळ कळत नव्हतं. दादाकडून ती शिकली, पंधरा दिवस लागले. मग रोज काटे जुळले की पेला घेऊन हजर.

"घे गो, टाइम झाला."

त्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजला. गालांवर, ओठावर दाट लव आली. गावातल्या बालवाडीत मी शिकवत होते. एक छोटी माझ्या मांडीत बसली होती. तिने माझ्या ओठावरून बोट फिरवलं नि विचारलं, "बाई, तुमाला मिशी कशी आली?" लाडानेच विचारलं हो. पोरं हसली, मीही हसले.

पण त्या संध्याकाळपासून गोळी मी गालात धरून ठेवू लागले. आईची पाठ वळली की काढायची, परसात पुरायची. मी बावीस वर्षांची होते — हे सूट मिळावी म्हणून सांगत नाही. काय करतेय ते मला पुरतं ठाऊक होतं.

चार-पाच महिन्यांत लव विरळ झाली. आरशात बघताना किती बरं वाटायचं, कसं सांगू? आईही म्हणाली, "आता माझी पोर दिसाया लागली." मग पाय सुजले.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेत होतीस ना?"

माझ्याआधी आईच बोलली. "मी सवता देते साहेब. एक टाइम चुकला नाय."

मी हो म्हणून मान हलवली. मान हलवायला कितीसा वेळ लागतो?

किडनी वाचली नाही. परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझीच झिजलेली निघाली गो. जन्मभर भारे वाह्यले मी. तुला चांगली द्यायची व्हती."

मी तिचा हात धरला. तेवढंच केलं.

पुन्हा कल्याण, पुन्हा दीड पेला. तीन वर्षांनी दादाने आपली किडनी दिली. त्या किडनीसाठीची एकही गोळी मी चुकवली नाही, ती आजही चालते. आई किती खूश झाली — आणि तिची खात्रीच पटली. भाताच्या आवणीला, विहारात, कुणाच्या लग्नात बायकांना सांगायची, "माझी खराब निघाली. पोराची तरणी, ती टिकली." सांगताना ओशाळायची, जणू तिने मला नासकं काही खायला घातलं होतं.

एकदा मी सुरुवात केली. आम्ही दोघी पावटे सोलत होतो.

"आई, त्या गोळ्या —"

तिचे हात थांबले. "आजची चुकली का गो?"

"नाय," म्हटलं, आणि पुढे पावटेच सोलत राहिले.

दोन हजार नऊ साली तिला अर्धांगाचा झटका आला. चार दिवस ती दवाखान्यात होती, शुद्धीवर नव्हती. तिचे रिपोर्ट बघून तिथले डॉक्टर दादाला म्हणाले, "एकाच किडनीवर आहेत, पण किडनी अगदी ठणठणीत आहे यांची." दादा नुसता "बरं" म्हणाला. मी आईच्या उशाशी उभी होते. तेव्हाही मी वाकून तिच्या कानात काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

आईने मला चांगलीच किडनी दिली होती. ती मी घालवली. आणि दोष दहा वर्षं तिच्याकडे राहू दिला.