अडतीस नंबरच्या गाडीतल्या वर्डीबाई

वर्डी शूमेट सोळा वर्षं शाळेची बस चालवत होती. व्हर्जिनियाच्या डोंगरांतलं डॉकरी क्रीक हे गाव, गावातून वर चढत गेलेला एकच नागमोडी रस्ता आणि त्या रस्त्यावरच्या घरांतली चाळीस-बेचाळीस पोरं. बस तिची, रस्ता तिचा आणि बसमधला कायदाही तिचाच. मागे कुणी दंगा केला तर ती ओरडायची नाही. डोक्यावरच्या आरशात बघून नुसती एक भुवई वर करायची, की अख्खी बस गार. ज्यांना तिने कधीकाळी पुलाजवळ उतरवून दोन मैल पायी घरी धाडलं होतं, ते आता मिशा राखलेले बाप्ये झाले होते. पण बाजारात वर्डीबाई समोर दिसल्या की त्यांच्या तोंडची तंबाखू नकळत गिळली जायची.

गाडी चालवायला ती शिकली अकराव्या वर्षी, बापाच्या सफरचंदांच्या ट्रकवर. बापाची नजर अधू झाली होती आणि ट्रकचे ब्रेक बापाच्या नजरेइतकेच भरवशाचे होते. बाप शेजारी बसून सांगायचा, की पोरी, वेग सोडायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरलीस की मग कशाला हात लावू नकोस. ट्रक भरून सफरचंदं ती डोंगराखाली आणायची आणि एकही डागाळायचं नाही.

तिचा नवरा हॉयट फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातायचा. भला माणूस, मितभाषी, आणि एका गोष्टीच्या बाबतीत पार वेडा. गावाबाहेर टर्ल कोडिलच्या कुरणात तांबड्या मातीचं लंबगोल रिंगण होतं, फेरी पाव मैलाची. तिथे दर शनिवारी जुन्या गाड्यांची शर्यत व्हायची. हॉयट तिथे अठरा वर्षं गाडी पळवत होता आणि अठरा वर्षांत एकदाही पहिला आला नव्हता. वर्डी दर शनिवारी लाकडी बाकांवर बसून टोमॅटोचं सँडविच खात त्याला हरताना बघायची. बघता बघता तिला सगळं दिसायचं, कोण वळणात फार जोरात घुसतो, कोण घाबरून लवकर पाय उचलतो. घरी येताना ती त्यातलं अवाक्षर बोलायची नाही. हरलेल्या माणसाला अक्कल शिकवू नये, एवढं तिला कळत होतं.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली मात्र नवल घडलं. हंगाम संपत आला तरी हॉयट गुणांमध्ये पाचवा होता. पहिल्या पाचांची नावं रिंगणाच्या फाटकावरच्या फळीवर रंगवायची तिथली रीत होती. हॉयट जाता-येता त्या फळीकडे बघायचा आणि शीळ घालायचा. आणि शेवटच्या शर्यतीच्या दोन दिवस आधी तो कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर ठोकायला चढला आणि खाली आला तो हात दोन ठिकाणी मोडूनच.

नियम असा, की गाडी हिरव्या निशाणाखालून गेली तरच हजेरीचे गुण. गाडी कुणीही चालवावी, गुण गाडीच्या नंबराला. हॉयटला फक्त हजेरी हवी होती. पण शनिवारी मोकळा असा एकही चालक गावात उरला नव्हता. जे होते ते सगळे शर्यतीत होते. शुक्रवारी जेवताना हॉयट घेवड्याच्या आमटीत मक्याच्या पावाचा तुकडा नुसताच बुडवत बसला, तेव्हा वर्डी म्हणाली,

"मी चालवते की. एक फेरी मारते आणि बाहेर येते."

हॉयटने तिच्याकडे बघितलं. पाव आमटीत विरघळून गेला.

वादळात दिव्यांचा खांब पडल्यापासून शर्यती दुपारीच व्हायच्या. शनिवारी दोन वाजता हॉयटचा जाड कापडी डगला चढवून वर्डी फाटकाशी हजर झाली, तर टर्ल कोडिल आडवा आला. त्याचं म्हणणं, गाड्यांच्या आवारात बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, असा पहिल्या दिवसापासूनचा दंडक आहे. वर्डीने नियमांचा कागद मागितला. एकच पान होतं, चार घड्या घातलेलं. तिने ते शांतपणे वाचलं आणि परत वाचलं.

"यात पाय ठेवायचा नाही एवढंच लिहिलंय," ती म्हणाली. "मी फाटकाबाहेरच गाडीत बसते आणि बाहेरच उतरते. आत माझा पाय जमिनीला लागला तर तू मला सांग."

टर्लने फाटक उघडलं. त्याच्या तिन्ही मुली तिच्या बसमधून शाळेत गेल्या होत्या.

गाडीत बसणं हे शर्यतीपेक्षा अवघड निघालं. हॉयटच्या अडतीस नंबरच्या गाडीची दारं वेल्डिंग करून कायमची बंद केलेली, आत शिरायचं ते खिडकीतून. वर्डी अंगाने भरलेली बाई, वय शेहेचाळीस. दुधाच्या खोक्यावर चढून तिने आधी पाय आत घातले आणि कंबरेशी येऊन अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर, वर आभाळ. हॉयट एका हाताने ढकलू लागला. तिला हसू फुटलं. हसल्यामुळे पोट आत गेलं की काय कोण जाणे, पण ती सुळकन आत गेली आणि ते हसूही तिच्यासोबत आत गेलं.

सोळा गाड्या होत्या. तिला सगळ्यात मागे उभं केलं. कर्ण्यावरच्या माणसाने नावं वाचता वाचता तिच्या नावाशी ठेच खाल्ली आणि मग सवयीने "आणि वर्डीबाई" असं म्हणून मोकळा झाला. बाकांवर हशा उसळला. पुढच्या गाड्यांमधले पाच-सहा जण माना वळवून बघू लागले.

हिरवं निशाण पडलं.

पहिल्या वळणात गाडीचा मागचा भाग निसटला. बर्फाळ सकाळी बस अशीच निसटते, मागे चाळीस पोरं घेऊन. वर्डीने चाक हलकेच निसटत्या बाजूला दिलं आणि गाडी सरळ झाली. इथे तर मागे पोरंही नव्हती. समोरून येणारं कुणी नव्हतं. थांबा नाही, फाटक नाही, रस्त्यात गाय नाही. डावीकडे वळायचं आणि परत डावीकडे वळायचं. सोळा वर्षं जपून, हळू, दोन्हीकडे बघून गाडी चालवणाऱ्या बाईला कुणीतरी सांगितल्यासारखं झालं, की आता जा.

एक फेरी संपली. बाहेर पडायची वाट उजव्या हाताला आली. वर्डीने ती पाहिली. पाय उचलायचा, एवढंच करायचं होतं. पाय काही उठला नाही. वाट मागे गेली आणि तिला इतकं हसू आलं, की शिरस्त्राण डोळ्यांवर घसरलं.

मग बापाचं सांगणं कामाला आलं. बाकीचे वळणात तुफान घुसायचे आणि मातीवरून वर, कुंपणाकडे वाहवत जायचे. ती आधीच वेग सोडायची आणि त्यांच्या खालून आतल्या कडेने सरळ निघून जायची. जाताना प्रत्येकाला नावाने झापायची. लोनी, मान सरळ ठेव. क्लिफर्ड, ढकलाढकली नको. इंजिनांच्या गदारोळात कुणाला काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण लोनीने पुढे शपथेवर सांगितलं, की शेजारून अडतीस नंबर जाताना मी ताठ बसलो, का ते मला माहीत नाही. विसाव्या फेरीला तीन गाड्या एकमेकींत गुंतून गिरक्या खात गेल्या. वर्डी त्यांच्या मधून गेली. डोळे उघडे होते की मिटलेले, ते तिला नंतर आठवेना.

पंचविसाव्या फेरीला तिच्यापुढे एकच गाडी उरली, डेल्मस प्रिव्हेटची. डेल्मस तीन वर्षं विजेता होता. चौथीत असताना त्याने बसमध्ये बाकाखाली काळा साप सोडला होता आणि पुलापासून घरी चालत गेला होता. त्याने आरशात बघितलं. मागे शिरस्त्राणाखाली फडकं बांधलेल्या वर्डीबाई. त्याने परत बघितलं. चार फेऱ्या तो तिला आडवा येत राहिला, आणि शेवटच्या फेरीला आरशात जरा जास्तच वेळ बघत बसला आणि वळणात जोरात शिरला. गाडी वर वाहवली. वर्डी खाली शिरली. दोघांची पत्र्याला पत्रा घासत धाव सुरू झाली. बाकांवरची माणसं उभी राहिली, हातातल्या उकडलेल्या शेंगा सांडल्या, टर्ल स्वतः कुंपणावर चढला.

डेल्मस अर्ध्या गाडीने जिंकला.

चौकटीचं निशाण वर्डीला दिसलं होतं. पण शर्यत संपली म्हणून लगेच थांबायचं कशाला, हे तिला कळेना. ती आणखी तीन फेऱ्या मारत राहिली. निशाणवाल्याने होतं नव्हतं ते प्रत्येक निशाण दाखवलं, शेवटी टोपी दाखवली. टोपी बघून ती थांबली.

दुसऱ्या नंबरचा करंडक आवारात द्यायचा होता आणि तिला तर पाय टेकवायचा नव्हता. टर्ल करंडक घेऊन आला आणि त्याने तो खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवला. मागोमाग डेल्मस आला, डोक्यावरचं काढून हातात धरून.

"वर्डीबाई," तो म्हणाला, "आरशात तुम्ही भुवई वर केलीत."

"शिरस्त्राणातून दिसली तुला?"

"दिसली नाही हो. कळली."

हॉयट फाटकाबाहेर उभा होता, गळ्यात हात बांधलेला. त्याने तिला खिडकीतून ओढून काढलं. बाहेर येताच ती त्याच्या मोडक्या हाताच्याच खांद्याला लटकली आणि तो कळवळला, आणि ते बघून ती परत हसायला लागली. घरी जाताना तिच्या शेजारी बसून तो नुसता समोरच्या रस्त्याकडे बघत होता. तिला वाटलं, लागलं याच्या मनाला. अठरा वर्षांत जे त्याला जमलं नाही त्याच्या उंबऱ्यावर आपण एका दुपारी जाऊन आलो. तिचं हसू कमी होऊ लागलं. चर्चच्या वळणाशी तो म्हणाला,

"ती गाडी माझ्याशी कधी अशी वागली नाही." मग म्हणाला, "वळणात शिरायच्या आधी तू नेमका कुठे पाय उचलतेस?"

तिने सांगितलं. त्याने तिला गाडी रस्त्याकडेला थांबवायला सांगितली आणि परत पहिल्यापासून सांगायला लावलं. तिथे चर्चसमोर दोघं अर्धा तास बसली, ती हातवारे करून वळणं काढत आणि तो मान डोलवत. इतक्या वर्षांच्या संसारात बस आणि रिंगण यांची एकमेकांशी ओळख करून द्यायचं दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं. पाद्रीबाबा झाडू घेऊन बाहेर आले, त्यांनी काय बिनसलं म्हणून विचारलं आणि मग तेही पायरीवर बसून ऐकू लागले.

फाटकावरच्या फळीवर हॉयटचं नाव लागलं. हात बरा झाल्यावर हॉयटने परत चालवावी, असं वर्डी म्हणाली. त्याने पाना हातात घेतला आणि नकारार्थी मान हलवली. पुढे ती अकरा हंगाम धावली. चार शर्यती जिंकली, कितीतरी हरली, आणि सोमवारी सकाळी सहाला पुन्हा बसच्या चाकामागे, ताशी पंचवीस मैलांच्या वर काटा नाही. पोरं मागून ओरडायची, वर्डीबाई, जरा पळवा की. ती आरशात बघायची आणि पोरं बसायची.

सातव्या हंगामात एकदा तिचं चाक निखळलं. अडतीस नंबर कुंपण मोडून कुरणातून उतारावरून गेली ती थेट टर्लच्या तळ्यात. माणसं धावत सुटली, हॉयट सगळ्यांच्या पुढे. पाणी कमरेइतकंच होतं. वर्डी खिडकीतून अर्धी बाहेर आलेली, कंबरेशी अडकलेली, चहूकडे टर्लची बदकं कावलेली, आणि ती पाण्यावर हात आपटत इतकी हसत होती, की तिला बाहेर ओढायला गेलेले दोघेही तिच्यासकट परत आत पडले.