हेडलाइटची पिवळी रिंग

जुन्या जालन्यातल्या त्या प्लेटिंगवाल्याला मी वेडी वाटले, यात त्याचा काही दोष नाही. लोक त्याच्याकडे गंजकं सामान आणतात आणि चकचकीत करून नेतात. मी मात्र फटफटीचे सुटे भाग गोणीतून काढून त्याच्यापुढे मांडले आणि म्हणाले, "सायलेन्सर आणि हँडलला क्रोम करा. पण नटबोल्टांना चमक बिलकुल नको. त्यांना साधं राखाडी झिंक."

"मॅडम, पैसे देऊन कळकट करायचं?" तो म्हणाला. "समद्यालाच क्रोम मारून देतो ना. तोंड दिसंल असं."

"मला नटबोल्टात तोंड बघायचं नाही."

त्यानं मान हलवली आणि बोल्ट वेगळ्या डब्यात टाकले. गोणीच्या तळाशी हेडलाइटची रिंग होती. तिच्याबद्दल काय सांगावं हे माझं ठरत नव्हतं, म्हणून ती मी तशीच पिशवीत घालून परत नेली.

मी जालन्यातच शाळेत विज्ञान शिकवते. पन्नाशी केव्हाच मागे पडली. या वयात बायका भिशी लावतात, मी वडिलांची फटफटी दुरुस्त करायला घेतली. अण्णांचे गुडघे गेल्यापासून ती आमच्या गावी, धावड्याला, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कडब्याआड उभी होती. एकदा ती चालू होऊन अंगणात धडधडावी आणि अण्णांनी ती ऐकावी, एवढीच माझी हौस. पण जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा एक ग्रुप फोनवर सापडला. तिथे माणसं एका स्क्रूचा रंग मूळचा कसा होता यावर दोन दोन दिवस भांडत. आधी मी त्यांना हसले, मग महिनाभरात मीच भांडायला लागले. कंपनीतून गाडी जशी निघाली तशीच दिसली पाहिजे, यावर माझी श्रद्धा बसली.

तर ती रिंग. सगळ्यांच्या गाड्यांच्या हेडलाइटला चांदीसारखी पांढरी रिंग असते. आमच्या गाडीची पिवळीधमक पितळेची. भोकरदनच्या बाजारात शंभर गाड्या उभ्या असल्या तरी आमची लांबून ओळखू येई. कुणी विचारलं की अण्णा छाती फुगवून सांगत, "कंपनीनं अख्ख्या तालुक्यात एकच दिली अशी!" मंडळी हसत आणि आई उठून आत जाई. ती चहा ठेवायला जाते असं मला लहानपणी वाटे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी टेम्पोत चढवली, तेव्हा अण्णा काठी टेकत जवळ आले. "बाई, काय करायचं ते कर. रिंगला तेवढा हात लावू नको."

मी बरं म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. आईनं मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सगळ्यात आधी ती रिंग पांढरी कर."

"अगं, अण्णा आत्ताच नको म्हणाले."

"ते नकोच म्हणतील. त्यायला हसायला पायजे ना मला."

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या जन्माआधीचं होतं. आई नवी नवरी होती. अण्णांनी कुणाची तरी वापरलेली गाडी विकत आणली होती. दसरा आला. खंडेनवमीला घरातलं सगळं पितळ उजळायला निघालं आणि सासूबाईंनी गाडीही उजळायला सांगितली. "त्या रिंगचं पांढरं एका जागी उडालं व्हतं," आई म्हणाली. "खाली पिवळं दिसू राह्यलं व्हतं. मला वाटलं, आतून पितळ हाये म्हंजी वरचा समदा मळच हाये. सासूबाईंसमोर कामात कसूर नको म्हणून दिवसभर घासत बसले."

चिंच, राख आणि विटकरीची भुकटी. वरचा थर आधीच फुगलेला होता, तो पापुद्र्यांनी निघून आला. संध्याकाळी अण्णा शेतातून आले, तेव्हा रिंग समईसारखी झळकत होती. अण्णा बघत राहिले. "लई झ्याक," एवढंच म्हणाले आणि तिला मागे बसवून देवीला घेऊन गेले. त्या दिवशी आई हवेत होती.

पुढे एका लग्नात कुण्या पाहुण्यानं चारचौघांत विचारलं, गाडीचं क्रोम कोणत्या शहाण्यानं खरवडलं? अण्णा म्हणाले, खरवडलं नाही, कंपनीनंच अशी दिली. सगळा मांडव हसला. आई बायकांत बसली होती. आपण काय करून बसलो हे तिला तिथे कळलं.

"तवापासून जो येईल त्याला तेच सांगतेत. माझ्या येडेपणाची समद्या गावात टिंगल. मी कवा तोंड उघडलं न्हाई. दर दसऱ्याला ती रिंग घासत राह्यले. पिवळी तर पिवळी, निदान काळी नको." तिनं पदरानं डोळे पुसले. "मरायच्या आधी एकदा ती व्हती तशी बघू दे मला."

मला अण्णांचा भयंकर राग आला. आमचे अण्णा मुंगीला वाट करून देणारे, आणि त्यांनी बायकोला इतकी वर्षं जिव्हारी लागेल असं हसावं? रिंग घेऊन मी जालन्याला आले आणि प्लेटिंगवाल्याकडून एकदा तशीच परतले, ती यामुळे. पण इकडे आड आणि तिकडे विहीर असली तरी कुठेतरी उडी मारावीच लागते. ग्रुपवर विचारलं. सगळे एकमुखानं म्हणाले, मूळ फिनिश क्रोमच, पितळ उघडं ठेवणं म्हणजे गाडीचा अपमान. आईही तेच म्हणत होती, शास्त्रही तेच म्हणत होतं. मी रिंग नेऊन दिली.

"आत्ता कसं बोललात!" प्लेटिंगवाला खूश झाला. त्यानं ती अशी करून दिली की तीत खरोखरच तोंड दिसत होतं.

नवरात्राच्या आधी मेकॅनिकला घेऊन मी धावड्याला गेले. अंगणात गाडी जोडली. तिसऱ्या किकला ती धडधडली आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. अण्णांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. मग त्यांची नजर हेडलाइटवर गेली. त्यांनी रिंगवरून बोट फिरवलं, म्हणाले, "बरंय," आणि खाटेवर जाऊन बसले.

आई मात्र रिंगसमोर वाकून स्वतःला न्याहाळत होती. "म्हातारी कशी दिसू राह्यली बघ," असं म्हणून ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना बघून माझ्या सगळ्या कष्टांचं चीज झालं.

तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या एकानं हाक मारली, "अण्णा, कोणाची गाडी आणली?"

"पाव्हण्याची," अण्णा म्हणाले.

मला ते खटकलं. पण आई खूश होती, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

खंडेनवमीला मी पुन्हा गावी होते. आई न्हाणीपाशी पितळ मांडून बसली होती: समई, घंगाळ, तांबे. शेजारी भिजवलेली चिंच आणि राख. मी झेंडूची फुलं ओवत होते. अण्णा स्टूल ओढून गाडीसमोर बसले आणि त्यांनी हेडलाइटचा स्क्रू पिळायला घेतला.

"अण्णा, काय करताय?" मी ओरडले. त्यांनी लक्ष दिलं नाही. रिंग निघाली. काठी टेकत ते आईकडे आले आणि तिच्या भांड्यांत त्यांनी ती ठेवली.

"हे बी घास."

"ते पांढरं हाये आता," आई म्हणाली. "त्याला चिंच कामून?"

"पिवळं कर परत."

आईचा हात थांबला. आयुष्यभर गिळलेलं एकदम वर आलं. "कामून? लोकायला परत हसायला पायजे का? इतकी वर्सं माझी टिंगल केली, मन भरलं न्हाई का तुमचं?"

अण्णा चमकले. "टिंगल? कोणी केली?"

"तुमी! कंपनीनं अशी दिली, कंपनीनं अशी दिली..."

अण्णांनी पालथी बादली ओढली आणि हळूच तिच्यावर बसले. "अगं, टिंगल न्हवती ती," ते म्हणाले. "मिरवत व्हतो मी. गाडी काय, पैसे टाकले की कोणाला बी भेटती. पण दिवसभर बसून ती अशी उजळणारी कोणाच्या घरी व्हती? चार माणसात बायकूचं कवतिक कसं करावं? लाज वाटायची. म्हणून कंपनीचं नाव घेत व्हतो."

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग मला एकटीला तरी सांगायचं."

"मला वाटलं, तुला कळून राह्यलं."

माझ्या हातातलं फूल हातातच राहिलं. अण्णांवर केलेला सगळा राग माझ्या डोळ्यांतून वाहू लागला. आईनं नाक ओढलं, राखेत चिंच बुडवली आणि रिंग घासायला सुरुवात केली. करकर आवाज आला. रिंगवर ओरखडाही उठला नाही.

माझ्यातली शिक्षिका अशा वेळीही गप्प बसत नाही. "आई, खाली तांबं आहे, त्यावर निकेल, त्यावर क्रोम. पक्कं काम आहे. चिंच-राखेनं जन्मात निघायचं नाही ते."

"निघंल," अण्णा म्हणाले. "दर दसऱ्याला घासू. आपल्याला कुठं घाई हाये?"

आईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग थोडी बाजूला सरकली आणि चिंचेचा निम्मा गोळा तोडून तिनं त्यांच्या हातावर ठेवला.

"मंग नुस्ते बसू नका. धरा तिकडून."