डबीत ठेवलेला आवाज

इब्राहिमभाईची फटफटी सणसरच्या फाट्यावर दिसली की दूध घालायला आलेली माणसं त्याची नक्कल सुरू करायची. घसा खाकरून, मान वाकडी करून म्हणायची, "थांबा, थांबा, आधी कापी घेतो. कापी घेतल्याबिगर मी सख्ख्या बापाच्या कंप्युटरला बी हात लावत न्हाय." तो उतरायचा, घसा खाकरायचा आणि नेमकं तेच बोलायचा. हशा पिकायचा. त्यालाही हसू यायचं.

जळोचीत घर आणि बारामतीत नोकरी. बारामती-इंदापूरच्या गावागावांतल्या दूध केंद्रांचे कंप्युटर, वजनकाटे, फॅटची मशिनं दुरुस्त करत त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. कमरेला रेक्झिनचं पाकीट. त्यात पेनड्राइव्ह, एक वायर आणि साबणाच्या वडीएवढी काळी हार्डडिस्क. तिला गावोगाव 'इब्रामची डबी' म्हणत. कुणाचाही कंप्युटर पुसायचा झाला की त्यातल्या सगळ्याची आधी डबीत कापी, मग काम.

ऑफिसातल्या ऋषिराजसाहेबांना त्या डबीचा राग यायचा. "इब्राहिमभाई, क्लाउडवर टाका हो. जग कुठं चाललंय आणि तुम्ही कमरेला काय बांधून फिरताय? उद्या पाकीट पडलं तर?"

"पडलं तर मला कळंल तरी, साहेब. तुमचं ते वर गेलेलं हरवलं तर कुणाच्या दारात जाऊन विचारू?"

"एक दिवस रडाल."

"रडू की. सावकाश रडू."

सणसरच्या केंद्रावर रतन बसायचा. त्याच्याआधी त्याचा धाकटा भाऊ युवराज बसायचा. युवराज म्हणजे गावाचा भोंगा. पहाटे काटा सुरू झाला की तो माइकवर ओरडायचा. मग घसा बसायला लागला, म्हणून एकदाच बोलून त्यानं ते कंप्युटरमध्ये भरून ठेवलं. रोज बटण दाबलं की लाउडस्पीकरवर तोच यायचा. "काटा लागलाय बरं का मंडळी. म्हशीवाल्यांनी म्होरं या, गायवाल्यांनी उगं ढकलाढकली करू नगा. आन् पाणी घातलेलं दूध घरीच प्या, लई पौष्टिक असतंय." ते भरताना मागनं त्याच्या आईनं, ठमाबाईनं, हाक मारलेली. "युवराज, च्या निवला." आणि तो माइकपाशीच म्हणाला होता, "आलो गं आई." तेही भरलं गेलं. पुसायला नको म्हणून तसंच राहिलं.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं युवराज गेला. घरातल्यांना नीट कळायच्या आत गेला. बटण मात्र रतन रोज दाबत राहिला. ठमाबाई तेवढ्या वेळेला हातातलं काम टाकून केंद्राच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. "आलो गं आई" झालं की उठायची आणि गोठ्यात जायची. म्हशीवालेही तेवढा वेळ बादल्या आपटत नसत.

नवरात्रात कंप्युटर कुरकुरायला लागला. इब्राहिमभाई आला, बघितलं. आतली डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. दुधाचे हिशेब रोजच्या रोज आपोआप वर ऑफिसात जात होते, त्यांची काळजी नव्हती. युवराजचा आवाज मात्र तेवढा इथंच होता. तो त्यानं डबीत घेतला आणि घेऊन होताच कंप्युटर कायमचा झोपला.

"भाई, वर टाक की ते साहेब म्हणतात तसं," रतन म्हणाला.

डबी मोबाइलला जोडून टाकून बघितलं. रेंज कधी एक दांडी, कधी तीही नाही. स्क्रीनवरची रेघ जागची हलेना. बारामतीहून नवा पार्ट आणायचा होता. "राहू दे, तिकडं गेल्यावर टाकतो," म्हणून त्यानं वायर पाकिटात घातली आणि डबी उचलली, तशी ठमाबाई आडवी आली.

"डबी हितंच ठेव, इब्रामा."

"मावशी, उद्या घेऊन येतोच की मी."

"रस्ता बघितलास का कसला हाय? माजं पोरगं हाय त्यात. गाडीवर आदळत नगं नेऊस."

त्याच्या मनात आलं होतं, निदान मोबाइलमध्ये तरी घ्यावं. पण तिनं दोन्ही हात पुढं केले होते, लेकरू घ्यायला करतात तसे. त्यानं डबी तिच्या ओंजळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. ठमाबाईनं कोयता, खुरपी, दुधाची मापं घासूनपुसून मांडली. फॅटच्या मशिनला लांबूनच कुंकू लावलं, कारण ते लाइटचं. डबीला वायर नव्हती, म्हणजे ती लाइटची नव्हे. तिला मापांच्या रांगेत मधोमध बसवलं. तांब्यातलं दूधपाणी सोडलं, पदरानं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

इब्राहिमभाई आला तो घाईत. पुढं सांगवीचं केंद्र बंद पडलेलं. डबी वरून कोरडी होती. कुंकू बघून तो हसला, "मावशी, माझ्या डबीचं लगीन लावलं का?" आणि नवा पार्ट बसवून वायर जोडली. आतून टिक टिक असा आवाज आला, मग खरवडल्यासारखा, मग काहीच नाही. त्यानं वायर काढली. फटीतून पांढरट थेंब त्याच्या बोटावर आला. त्यानं बोट हुंगलं. दूध होतं.

उंबऱ्यावर ठमाबाई येऊन बसली होती.

"काय झालं, भाई?" रतननं विचारलं.

"डबी जुनी झाली होती रं," त्यानं बोट सदऱ्याला पुसलं. "माझीच चूक. वर टाकायला पायजे होतं."

डबी घेऊन तो पुण्याला गेला. तिथल्या माणसानं ती उघडून बघितली. "ओली असताना लावली नसती, तर काहीतरी निघालं असतं. आता तबकडीवर ओरखडे पडलेत." म्हणजे 'माझीच चूक' हे तरी तो सणसरला खोटं बोलला नव्हता. ऋषिराजसाहेबांना त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं आणि ग्लास स्वतः त्याच्यापुढं सरकवला.

आता सणसरला ऑफिसनं पाठवलेला बाईचा आवाज लागतो. "सन्माननीय दूध उत्पादक, संकलन सुरू झाले आहे." पहिल्यांदा ऐकून कुणीतरी तिची नक्कल केली. कुणी हसलं नाही.

दिवाळी झाल्यावर इब्राहिमभाई काटा तपासायला गेला. माणसं होती, पण त्याची नक्कल कुणी केली नाही. तोही न खाकरता कामाला लागला. ठमाबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि तिथंच बसून राहिली.

"इब्रामा, मी दूध सोडायला नगं हुतं. व्हय ना?"

तो काट्याचा स्क्रू पिळत राहिला. स्क्रू कधीच घट्ट बसला होता.

"न्हाय मावशी. डबी जुनी होती."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग कप त्याच्या बाजूला थोडा सरकवून म्हणाली, "च्या निवला."

आतल्या खोलीत कॅन धुणाऱ्या रतनचा हात थांबला. लाउडस्पीकर बंद होता. इब्राहिमभाईनं कप उचलला आणि गार चहा एका दमात पिऊन टाकला.